दोनशे रुपयांची पावती

दत्तूभाऊंनी (नाव बदललंय) शर्टाच्या खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली, तिच्यातून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्या टेबलावर तळहाताने सपाट केला. घड्यांवर चिरलेला, मागून चिकटपट्टी लावलेला. २००९ साली कोर्टात २०० रुपये दंड भरल्याची पावती. म्हणाले, "ताई, हे लावा अर्जाला. केस मिटली त्याचा पुरावा आहे."

सोळा वर्षं जपलेला कागद. आणि कायद्याच्या भाषेत हाच कागद म्हणजे त्यांना दोषी ठरवल्याचा पुरावा, हे त्यांना मी सांगायचं होतं.

तालुक्याच्या गावी माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. रिक्षाचा बॅच (रिक्षा चालवायचा बिल्ला) काढायचा तर पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला लागतो. तो फॉर्म मी शेकड्याने भरलाय, आणि गुन्ह्याच्या रकान्यापाशी आलं की समोरच्याचा आवाज कसा खाली येतो ते मला पाठ झालंय. काहीजण म्हणतात, "नाही लिहा ना, कोण बघतंय एवढं जुनं?" मी लिहीत नाही. खोटी माहिती दिली म्हणून नवीनच भानगड मागे लागते. पण "होय" लिहिलं की अर्ज कुठे अडकणार, हेही मला माहीत असतं.

दत्तूभाऊंचा गुन्हा काय? पारावर पत्ते. जुगार कायद्याचं कलम १२ (अ), म्हणजे सार्वजनिक जागी जुगार. धाड पडली, चौघांना उचललं, संध्याकाळी सोडलं. मग तारखा सुरू झाल्या. प्रत्येक तारखेला एक दिवसाची मजुरी बुडायची आणि एसटीचं भाडं वेगळं. शेवटी वकील म्हणाले, कबूल करून टाका, दंड भरा, मोकळे व्हा. भाऊ मोकळे झाले. निदान त्यांना तसं वाटलं.

आपल्याकडे असे कितीतरी लोक "मोकळे" झालेत. पत्ते, दारू, बांधावरची ढकलाढकली. गुन्हा कबूल करून दंड भरणं म्हणजे दोषसिद्धी, हे त्या दिवशी कोर्टात त्यांना कोणी समजावून सांगत नाही. वर्षांनुवर्षं काही जाणवतही नाही, आणि मग एक दिवस पोटापाण्यासाठी परवाना काढायला गेलं की ते दोनशे रुपये समोर येऊन उभे राहतात.

भाऊ कारखान्याच्या ट्रॅक्टरवर होते. गुडघे गेले, म्हणून रिक्षा घ्यायचं ठरवलं. कर्ज मंजूर झालं होतं. अर्ज परत आला, शेरा एकच: अहवाल प्रतिकूल. पत्त्यांच्या डावाचा दंड भरलेल्याने रिक्षा चालवू नये, असं नेमकं कोणत्या नियमात लिहिलंय, हे मी कार्यालयात जाऊन विचारलं. नियम कोणी दाखवला नाही. "वरून अडचण येते मॅडम," एवढंच.

मला याच गोष्टीचा संताप येतो. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच राज्याच्या डान्स बारच्या नियमांमधली एक अट रद्द केली. परवाना मागणाऱ्याचं चारित्र्य आणि पूर्वेतिहास चांगला हवा, गुन्हेगारी नोंद नको, अशी ती अट. न्यायालयाचं म्हणणं होतं की हे शब्द मोघम आहेत, अधिकारी त्यांचा वाटेल तो अर्थ लावू शकतो; अट घालायचीच तर नेमकी घाला. डान्स बारवाल्यांना जी स्पष्टता मिळाली, ती रिक्षावाल्याला, टपरीवाल्याला का नको?

नेमकी अट घालता येते. खासगी सुरक्षा एजन्सीसाठी २००५ चा कायदा आहे. ज्या गुन्ह्याला किमान दोन वर्षांच्या कैदेची शिक्षा सांगितलीय, त्यात दोषी ठरलात तर परवाना नाही. कडक आहे, पण माणसाला आधी कळतं. आणि निवडणुकीचं बघा. दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली तर सुटल्यापासून सहा वर्षं उभं राहता येत नाही, सातव्या वर्षी येतं. म्हणजे दत्तूभाऊ आमदारकीचा फॉर्म आजही भरू शकतात, पण रिक्षाच्या बॅचसाठी त्यांच्या दोनशे रुपयांना मुदतच नाही.

माझे दीर म्हणाले, "उद्या तुझी मुलगी त्या रिक्षात बसली तर?" मीही रात्री स्टँडवरून एकटी रिक्षाने घरी येते, त्यामुळे हा प्रश्न मला हसण्यावारी नेता येत नाही. बाईवर, लेकरावर हात टाकलेल्याला बॅच मिळू नये, माझं स्पष्ट मत आहे. दारू पिऊन गाडी चालवताना कोणाचा जीव घेतला असेल, तर त्याचाही विचार झालाच पाहिजे. पण विचार म्हणजे गुन्हा कोणता होता, किती वर्षं झाली, त्याचा या धंद्याशी काय संबंध, हे बघणं. "नोंद आहे" म्हणून फाइल बाजूला सारणं याला विचार म्हणत नाहीत.

पारधी वस्तीवरची माणसं माझ्याकडे येतात तेव्हा हे अजून जड होतं. १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, तो शिक्का कागदावरून १९५२ साली पुसला गेला. पण चोरी कुठेही झाली तरी आधी यांनाच उचलतात, आणि अशा नोंदी साचत जातात. त्यांच्यासाठी तो रकाना म्हणजे भिंत आहे.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८. पहिलाच, किरकोळ गुन्हा असेल तर कोर्ट दंडाऐवजी समज देऊन सोडू शकतं, आणि तसं सोडलेल्याला, कलम १२ प्रमाणे, दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. २००९ मध्ये भाऊंच्या वकिलांनी एवढी विनंती केली असती तर? माझ्या इथल्या मित्रयादीत बरेच वकील आहेत. "कबूल करून टाका" म्हणण्याआधी हे कलम अशिलाला सांगाल का? कळकळीने विचारतेय.

भाऊंचा नवीन अर्ज काल केला. कोणत्या नियमाखाली नाकारलं ते लेखी द्या, एवढीच मागणी. ते पुन्हा ती पिशवी घेऊन आले होते. "ताई, पावती आता लावायची का नको?"

लावली. दडवण्यासारखं तिच्यात काही नाही. फक्त मूळ पावती त्यांना परत दिली आणि झेरॉक्स जोडली, कारण घडीवर ती आता फाटायलाच आलीय.