इचलकरंजीत कर्ज कसे काढावे

इचलकरंजीत यंत्रमागासाठी कर्ज काढण्याचा आपला विचार पक्का असेल, तर सर्वप्रथम योग्य आजोबा निवडावेत. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली इथे पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हा त्यांच्या पाठीशी जहागीरदार घोरपडे होते. आपल्या पाठीशी निदान एखादा माजी संचालक असावा, ही अपेक्षा गैर नव्हे. सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदाही नेमका त्याच वर्षी आला. एकमेकांना ओळखणाऱ्यांनी एकमेकांची पत जोखावी, हे त्यामागचे तत्त्व. आमच्या गावाने त्यातली ओळख मनोभावे जपली; जोखणे वेळेअभावी राहून गेले.

१ मार्च १९६६ पासून सहकारी बँकांवर निबंधकांच्या जोडीला रिझर्व्ह बँकेचीही देखरेख आली, याचा धसका घेऊ नये. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो म्हणतात. दोन देखरेखींमधला कर्जदार मात्र बहुधा जेवूनच उठलेला असतो. राष्ट्रीयीकृत बँकेतही हौसेने जाऊन यावे. तिथे मालाचा साठा विचारतील. आपण खर्चीवाले असाल, म्हणजे व्यापाऱ्याच्या सुताचे कापड पिकाच्या, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या, दराने मजुरीवर विणून देत असाल, तर कारखान्यातले सूतही आपले नसते आणि कापडही नसते. आपला असतो तो फक्त माग आणि त्याचा खडखडाट, आणि खडखडाट अजून तारण म्हणून कोणी घेत नाही.

तेव्हा सहकारी बँकेत परतावे आणि मागच नजरगहाण द्यावा, म्हणजे ताबा आपल्याकडे ठेवून तारण लिहून द्यावा. त्याच्या चौकटीवर बँकेचे नाव तैलरंगात लिहिले जाईल. दुसऱ्या बँकेचे अधिकारी पाहणीला येतील त्या दिवशी त्यावर जॉबरचा, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याचा, सदरा वाळत घालावा. मंजूर रकमेतले अडीच टक्के शेअर्सपोटी कापले, तर कुरकुर करू नये. त्या क्षणापासून आपण बँकेचे मालक होता, आणि मालकाला वसुलीची घाई नसते.

जामीनदार मात्र चष्मा घरी विसरणारा पाहावा. त्याची सही चहाच्या गाड्यावर, कपबशीखाली कागद दाबून घ्यावी. पुढे सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला निघेल, साधा माग किलोच्या भावाने भंगारात जाईल, आणि उरलेल्या रकमेची नोटीस त्याच्याही दारावर चिकटेल. त्याच्या मुलीच्या लग्नाला जाताना आहेराचे पाकीट थोडे जाड न्यावे, आणि जेवायला शेवटच्या पंगतीत बसावे.