'६५० ग्रेनचा बाण बांधा, काम झालं': फिरत्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

धनुष्यानं शिकार करणाऱ्या मंडळींत सध्या एकच मेसेज फिरतोय, शब्द थोडे इकडचे तिकडे करून. सारांश असा. शिकारीचा बाण ६५० ग्रेनच्या खाली नकोच, धनुष्य कुठलंही असो. टोक जितकं जड तितकं चांगलं, एफओसी, म्हणजे बाणाचा तोल मधोमधच्या किती पुढे पडतो ते, २० टक्क्यांच्या वर पाहिजेच. स्पाइनचे (शाफ्टच्या ताठपणाचे) तक्ते म्हणजे कंपन्यांचा माल खपवायचा धंदा. कायनेटिक एनर्जी (गतिज ऊर्जा) हा फालतू आकडा, मोमेंटम (संवेग) बघा. ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीचं पात्यांचं टोक, दोन पात्यांचं आणि सिंगल बेव्हलच (एकाच बाजूनं धार असलेलं), बाकीची सगळी खेळणी. आणि बाण बांधणं काही अवघड नाही, शाफ्ट (बाणाची नळी) कापा, गोंद लावा, झालं.

हे सगळंच खोटं असतं तर लिहायचे कष्ट घेतले नसते. अर्धं खरं आहे तीच अडचण आहे, कारण नवा माणूस त्या अर्ध्या खऱ्यावर पैसे घालून बसतो आणि मग बाण सरळ का जात नाही म्हणून धनुष्याला शिव्या घालतो. जिथं कायद्यानं परवानगी आहे तिथल्याच शिकारीबद्दल बोलतोय, हे वेगळं सांगायला नको.

आधी ६५० चं बघू. ग्रेन म्हणजे पौंडाचा सात हजारावा भाग, त्या हिशोबानं ६५० ग्रेन म्हणजे साधारण ४२ ग्रॅम. हा आकडा कुणी हवेतून काढलेला नाही, तो डॉ. एड अ‍ॅशबी यांच्या कामातून आलाय. त्यांनी १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत नाताल भागात आणि पुढे ऑस्ट्रेलियात रानम्हशींवर बाण किती आत जातो याची वर्षानुवर्षं नोंद ठेवली, आणि तीसुद्धा मुख्यतः पारंपरिक धनुष्यांनी. त्यात ६५० चा अर्थ फार नेमका आहे, बाण जर जाड हाडावर बसला तर या वजनाच्या वर तो हाड फोडून आत जायची शक्यता ठळकपणे वाढते. 'जाड हाडावर बसला तर' हे शब्द मेसेजमध्ये गळालेत. आणि मोठी गंमत पुढेच आहे. बाण आत घुसण्यावर परिणाम करणाऱ्या बारा गोष्टींची जी उतरंड अ‍ॅशबींनी लावली, तिच्यात पहिल्या नंबरला आहे बाण कुठंही मोडू-वाकू नये हे, दुसऱ्याला बाणाचं सरळ स्वच्छ उडणं, आणि ही ६५० ची मर्यादा पार तळाला, बाराव्या नंबरला. ज्यांच्या आकड्यावर हा मेसेज फिरतोय त्यांचीच यादी खालून वर वाचलीये!

आता 'धनुष्य कुठलंही असो'. इथंच घोडं पेंड खातं. समजा ७० पौंडांच्या जोरानं ओढायचं दमदार कंपाउंड (चाकांचं धनुष्य) आहे आणि त्यातून ४२० ग्रेनचा बाण सेकंदाला २८५ फूट वेगानं जातोय. त्याच धनुष्यातून ६५० ग्रेनचा बाण साधारण २३० नं जाईल. तुम्ही ३० यार्डांची पिन (नेमाची खूण) लावली आणि जनावर होतं ३५ वर. हवेचा अडथळा सोडून नुसता गुरुत्वाकर्षणाचा हिशोब मांडला तरी हलका बाण पावणेचार इंच खाली बसतो आणि जड पावणेसहा इंच. मध्यम हरणाचं हृदय-फुप्फुसाचं क्षेत्र आठ ते दहा इंच व्यासाचं धरतात, म्हणजे नेम मधोमध असेल तर वरखाली चार-पाच इंचच हातात असतात. पहिला बाण आत, दुसरा बाहेर. आता तेच ४५ पौंडांच्या, कमी ड्रॉ लेंथच्या (दोरी कमी मागं येणाऱ्या) धनुष्याला लावा. ६५० ग्रेनचा बाण १६५ फुटांच्या आसपास रेंगाळत जाणार आणि त्याच पाच यार्डांच्या चुकीला अकरा इंच खाली बसणार, पार छातीखालून. खरं तर त्या माणसानं ४२० ग्रेननंही तीस यार्डांचा शॉट जपूनच घ्यावा, पण त्याला वीस यार्डांवरसुद्धा अंदाजाची चूक महाग पडावी अशी सोय हा मेसेज करून देतो.

रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) आहे ना, असं लगेच कुणीतरी म्हणणार. आहे की. पण आकडा बघून तुम्ही दोरी ओढेपर्यंत जनावर चार पावलं पुढे सरकलेलं असतं आणि मग पुन्हा अंदाजच.

जड बाणानं धनुष्याचा आवाज कमी होतो, हे मात्र शंभर टक्के खरं, आणि दचकणाऱ्या जनावरासाठी ते महत्त्वाचंही आहे. फक्त हिशोब पूर्ण करा. आवाज सेकंदाला अकराशे फुटांच्या आसपास पळतो, म्हणजे ३० यार्डांवर तो ०.०८ सेकंदात पोचतो. २८५ चा बाण ०.३२ सेकंदात, २३० चा ०.३९ मध्ये. आवाज कमी झाला तरी ऐकल्यावर खाली दबायला जनावराला वेळ जास्तच मिळाला. कोण जिंकतं ते जनावरावर आणि अंतरावर आहे, एका वाक्यात निकाल लावायचा हा विषय नाही.

उलट्या टोकाला जाणारेही आहेत, वेगाच्या नादात बाण काडीसारखा करणारे. कंपाउंडला ड्रॉ वेटच्या (दोरी ओढायला लागणाऱ्या जोराच्या) प्रत्येक पौंडामागं पाच ग्रेन ही खालची हद्द मानतात, त्याखाली गेलं की न सुटलेली ताकद धनुष्यालाच खायला लागते आणि लिंबची (धनुष्याच्या वाकणाऱ्या पट्ट्यांची) आणि केबलची वाट लागते. जाहिरातीतले वेगाचे आकडे याच हद्दीवर काढलेले असतात, ७० पौंड, ३० इंच ड्रॉ, ३५० ग्रेनचा बाण. शिकारीसाठी ती हद्द सोडून बरंच वर यावं. मध्यम हरणासाठी पौंडामागं सहा ते आठ ग्रेन मला पटतात, रानम्हशीएवढ्या जनावरासाठी जा ना ६५० च्या वर, पण तेवढ्या ताकदीचं धनुष्य हातात असेल तरच.

दुसरं, स्पाइनचा तक्ता म्हणजे धंदा. हे वाचून खरंच राग आला, कारण अख्ख्या मेसेजमधला सगळ्यात महागात पडणारा सल्ला हाच आहे. स्पाइन म्हणजे काय ते एकदा नीट बघा. शाफ्ट २८ इंचांवरच्या दोन टेकूंवर आडवा ठेवतात, बरोबर मध्ये १.९४ पौंड, म्हणजे ८८० ग्रॅम वजन टांगतात आणि किती वाकला ते मोजतात. ०.३४० इंच वाकला तर तो ३४० स्पाइन, अर्धा इंच वाकला तर ५००. आकडा लहान तितका शाफ्ट ताठ. यात कुणाची जाहिरात कुठं आली? हा झाला ठेवल्या जागी मोजलेला ताठपणा. दोरी सुटल्यावर बाण खरा किती वाकतो ते आणखी तीन गोष्टींवर ठरतं, शाफ्ट किती लांब कापलाय, पुढं वजन किती आहे आणि धनुष्य किती जोरात ढकलतंय. लांबी वाढली की बाण मऊ वागतो, टोक जड झालं की मऊ वागतो, ड्रॉ वेट वाढवलं की आणखी मऊ.

म्हणजे १०० ग्रेनच्या टोकासाठी बरोबर असलेल्या ४०० स्पाइनच्या शाफ्टवर मेसेज वाचून तुम्ही २०० चं टोक आणि वर पितळी इन्सर्ट (शाफ्टच्या आत बसणारा, टोक फिरवून लावायचा तुकडा) चढवला की झालं नाकापेक्षा मोती जड. बाण धनुष्यातून निघताना गरजेपेक्षा जास्त वाकतो, डोलत जातो, आणि पुढं फील्ड पॉइंटऐवजी (सरावाच्या साध्या टोकाऐवजी) ब्रॉडहेड असेल तर त्याची पाती हवेत सुकाणूसारखी काम करून त्याला आणखी भरकटवतात. असा डोलणारा बाण जनावरावर तिरका बसतो आणि जी ताकद आत घुसायला लागायची ती शाफ्ट हलण्यात जाते. वजन वाढवलं आत घुसायला आणि हातात काय आलं, तर कमी घुसणारा बाण. टोक जड करायचंच असेल तर शाफ्ट आधी ताठ घ्या, ३४० किंवा ३००, आणि तक्त्यात पुढच्या वजनाचा रकाना असतो तो बघूनच घ्या.

तक्ता शेवटचा शब्द नाही, हे मान्य. तो सुरुवात करून देतो, निकाल बाण मारूनच लागतो. चार-पाच फुटांवर ताणलेल्या कागदातून मारा, एक गोल भोक आणि भोवती वेन्सच्या (मागच्या पिसांच्या) तीन बारीक चिरा दिसल्या की पहिली परीक्षा पास. लांब फाटलेला कागद दिसला तर रेस्ट (बाण टेकतो ती जागा), नॉकिंग पॉइंट (दोरीवर बाण अडकतो ती जागा), कॅमचं (चाकांचं) टायमिंग आणि स्वतःची पकड हे सगळं तपासून मगच स्पाइनवर खापर फोडा. मग वेन्स नसलेला शाफ्ट आणि वेन्सवाला शाफ्ट वीस यार्डांवरून मारून दोन्ही एका जागी बसतात का बघा. आणि शेवटी ब्रॉडहेड, फील्ड पॉइंटच्या गटातच बसलं पाहिजे. ही शेवटची परीक्षा न देता रानात जाणाऱ्यानं ६५० काय आणि ४५० काय, वजनाच्या गप्पा मारूच नयेत.

एफओसी. हिशोब सोपा आहे. नॉकच्या (दोरीत अडकणाऱ्या मागच्या टोकाच्या) खाचेपासून शाफ्टच्या पुढच्या कडेपर्यंत लांबी घ्या, टोक सोडून. बाण बोटावर तोलून समतोलाचा बिंदू खाचेपासून किती लांब आहे ते मोजा, त्यातून अर्धी लांबी वजा करा आणि उरलेल्याला पूर्ण लांबीनं भागा. २८ इंचांचा शाफ्ट साडेसतरा इंचांवर तोलला गेला तर साडेतीन भागिले २८, म्हणजे साडेबारा टक्के. शिकारीच्या बाणाला दहा ते पंधरा टक्के साधारण धरतात. त्याहून जास्त ठेवल्यानं वेन्सना मागून सरळ करायला लांब तरफ मिळते, हा फायदा खराच आहे, पण तो फुकट येत नाही. २० च्या वर जायचं म्हणजे मागचा शाफ्ट हलका आणि पुढचं वजन भारी, बहुतेक वेळा पातळ भिंतीचा शाफ्ट, आणि मग कशाला तरी आदळल्यावर इन्सर्टच्या मागची जागाच आधी चिरते, म्हणजे बारा गोष्टींतली पहिलीच गेली. १४ वर स्वच्छ उडणारा बाण मी २२ वर डोलणाऱ्या बाणापेक्षा कधीही घेईन. बाकी विरोधी पार्टीचं 'जास्त एफओसीचा बाण नाक खाली घालून पडतो' हेही थोतांडच आहे. वजन, वेग आणि हवेचा अडथळा सारखे असले तर दोन्ही बाण सारखेच खाली येतात, गुरुत्वाकर्षण समतोलाचा बिंदू विचारत बसत नाही.

कायनेटिक एनर्जीवर फार वेळ घालवत नाही. वजन आणि वेग याच दोन आकड्यांतून एनर्जी निघते आणि मोमेंटमही त्यातूनच. धनुष्य एका ओढीत जवळजवळ ठरलेली ऊर्जा देतं, जड बाण त्यातली थोडी जास्त उचलतो, म्हणून वरच्या ७० पौंडांच्या उदाहरणात वजन ५५ टक्के वाढलं तरी मोमेंटम २५ टक्क्यांच्या आसपासच वाढतं. फायदा आहे, चमत्कार नाही. आणि बाण धक्क्यानं मारत नाही, तो कापून मारतो, रक्तस्रावानं. पात्याला धार नसेल तर दोन्ही आकडे वहीतच राहतात.

त्यावरून ब्रॉडहेड. सिंगल बेव्हल, म्हणजे एकाच बाजूनं धार काढलेलं पातं, आत जाताना फिरतं आणि हाड फोडायला मदत करतं, हे बरोबर. पण उजव्या बेव्हलला उजवं हेलिकल (वेन्सचा पीळ) पाहिजे, डाव्याला डावं. वेन्स एका दिशेला फिरवतायत आणि पातं दुसऱ्या, तर आदळल्यावर बाणाची फिरकी आधी थांबते मग उलटी होते, त्यात फायदा गेला पाण्यात. मेसेजमध्ये याचा उल्लेखही नाही. तीन पात्यांच्या मजबूत फिक्स्ड ब्रॉडहेडला खेळणं म्हणणं तर उचलली जीभ लावली टाळ्याला असं झालं. उघडणाऱ्या पात्यांच्या ब्रॉडहेडला उघडायला ताकद लागते, म्हणून कमी पौंडांच्या धनुष्याला ते देऊ नये, भरपूर ताकद असेल तर त्याची रुंद जखम आणि ठळक रक्ताचा माग हा खरा फायदा आहे. कमीत कमी रुंदी किती आणि कुठला प्रकार चालतो याचे नियम जागोजागी वेगळे असतात, ते आधी वाचा. धार मात्र प्रत्येक ब्रॉडहेडला हातावरचे केस निघतील अशीच हवी, नव्या पाकिटातल्यालासुद्धा.

आणि 'शाफ्ट कापा, गोंद लावा, झालं'. कार्बन शाफ्ट पाइप कटरनं कापला तर तंतू चेमटतात आणि हॅकसॉनं कापला तर कड पिंजते. वेगानं फिरणारी घासणारी चकतीच पाहिजे, आणि तोंडाला मास्क, ती काळी भुकटी फुप्फुसात घ्यायची वस्तू नाही. कापल्यावर कड काटकोनात आणायची. मार्करनं कापलेली कड काळी करा, स्क्वेअरिंग टूलवर हलकेच फिरवा. काळं एका बाजूचंच गेलं तर कड तिरकी आहे, सगळीकडून सारखं गेलं की थांबा. नॉकच्या बाजूलाही हेच करायचं, ती बाजू जवळजवळ सगळे विसरतात. मग कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून आतून पुसा, काडी पांढरी बाहेर येईपर्यंत. इन्सर्टला इपॉक्सी लावून फिरवत फिरवत आत ढकला आणि तेव्हा मागचं नॉक काढलेलं असू द्या, नाहीतर आत कोंडलेली हवा इन्सर्ट परत बाहेर ढकलते. सुकेपर्यंत बाण टोकाकडून खाली उभा ठेवा म्हणजे जास्तीचा गोंद शाफ्टमध्ये ओघळत नाही. हॉट मेल्ट (वितळवून लावायचा गोंद) वापरत असाल तर ज्योत धातूला दाखवा, कार्बनला नाही, उष्णतेनं त्यातलं रेझिन खराब होतं.

०.००१ इंच सरळपणाचे महागडे शाफ्टच पाहिजेत असंही मेसेजखाली कुणीतरी जोडतंच. ०.००३ चे घ्या, कडा काटकोनात आणा, वजनं एकमेकांजवळची निवडा, उरलेल्या पैशात जास्तीचे ब्रॉडहेड येतील.

बाण तयार झाला की ब्रॉडहेड लावून स्पिन टेस्टरवर फिरवा, टोक थरथरताना दिसलं तर इन्सर्ट वाकडा बसलाय किंवा कड तिरकी आहे. मारण्याआधी प्रत्येक वेळी कार्बनचा बाण दोन्ही टोकांना धरून हलका वाकवा, चारही बाजूंनी, थोडा पिळा, आणि कान द्या. कडकड ऐकू आली किंवा चीर दिसली तर तो तिथंच मोडून टाका, कारण सुटताना फुटलेला शाफ्ट धनुष्य धरलेल्या हातात घुसतो. उरलेल्यांवर नंबर घाला आणि कुठल्या नंबरचा बाण गटाबाहेर जातो ते लिहून ठेवा. तोच नंबर परत परत बाहेर गेला तर नॉक थोडं फिरवून बघा, तरीही ऐकत नसेल तर त्याला फील्ड पॉइंट लावून सरावाला ठेवा.