काका, इस्रायलबद्दलचा तो मेसेज खरा नाही

काल काकांनी फॅमिली ग्रुपवर टाकलं, "इस्रायलमध्ये तोरा हीच राज्यघटना, जगातला प्रत्येक ज्यू धर्म आणि सत्ता एकच मानतो, म्हणून त्यांच्यात फूट नाही." तोरा म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ. धडाधड अंगठे पडले. आमच्या शेजारच्या आजी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, मूळच्या अलिबागकडच्या, त्यांनाही कुणीतरी हाच मेसेज पाठवलाय. मला दाखवला आणि गप्प बसल्या. म्हणून लिहितेय.

आधी "फूट नाही" हेच घ्या, कारण सगळ्यात वाईट थाप तीच आहे. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र दिवस, त्या दिवशी तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून कोकणात ज्यांना शनवार तेली म्हणायचे ती ही बेने इस्रायल माणसं, घरात मराठी बोलणारी, इस्रायलला गेली. तिथे १९५३ च्या कायद्याने ज्यूंची लग्नं आणि घटस्फोट रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या कोर्टाकडे, दुसरी सोयच नाही. आणि १९६२ मध्ये मुख्य रब्बींकडून सूचना निघाली की बेने इस्रायल मुलगा किंवा मुलगी लग्नाला उभी राहिली तर आईकडचं कूळ तपासा, आजी, पणजी, जमेल तेवढं मागे जा. आता रेवदंड्याच्या नाहीतर पेणच्या पणजीचा कागद कुठून आणायचा? दोन वर्षं झगडले, १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये आंदोलन केलं, तेव्हा ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेला ठराव करून सांगावं लागलं की हे पूर्ण ज्यू आहेत, आणि मग ती सूचना बदलली. म्हणजे धर्माच्या हातात सरकारी शिक्का दिला की काय होतं ते आपल्याच भाषेच्या माणसांनी भोगलंय.

"प्रत्येक ज्यू मानतो" हेही साफ खोटं. इस्रायलचे विचारवंत येशायाहू लाइबोविट्झ स्वतः कट्टर धर्मपालन करणारे, तरी धर्म सरकारपासून वेगळा करा म्हणून आयुष्यभर भांडले, कारण सरकारच्या पगारावर धर्म सडतो असं त्यांचं म्हणणं. सातमार या कर्मठ ज्यू पंथाचे लोक तर मसीहा, म्हणजे देवाने पाठवायचा तारणहार, यायच्या आधी ज्यू राज्य उभं करणंच पाप मानतात. आणि बायबलमध्ये शमुवेलच्या पहिल्या पुस्तकाचा आठवा अध्याय उघडा ना, सत्तेबद्दल तिथेच सावध केलंय: लोक राजा मागतात तर शमुवेल हा संदेष्टा बजावतो की तो तुमची पोरं लढाईला नेईल, शेतं घेईल, पिकाचा दहावा हिस्सा घेईल.

राज्यघटनेचं अर्धं बरोबर आहे, मान्य. एकसंध लिखित घटना नाहीये. पण तोरा आहे म्हणून नाही, १९५० मध्ये एकमत होईना म्हणून काम पुढे ढकललं आणि सुटे मूलभूत कायदे करत गेले. बहुतेक शहरांत शनिवारी बस बंद असते, तेही खरं. पण लग्नाचा धार्मिक कायदा मुसलमान, ख्रिश्चन आणि द्रुझ या तिथल्या छोट्या धर्मसमाजालाही आपापला आहे, ती पद्धत तिथे तुर्कांचं राज्य होतं तेव्हापासूनची. रब्बीकडे जायचं नसेल तर जोडपी विमानाने सायप्रसला जातात, तिथल्या नगरपालिकेत सह्या करतात, परत येऊन तोच दाखला नोंदवतात आणि सरकार तो नोंदवून घेतं!

काका, मेसेज डिलीट करा प्लीज, आणि रविवारी आलात की त्या आजींकडे चला माझ्याबरोबर.