एअरबॅग बसवल्या म्हणून कॅम्पर हलका होत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पिकअपच्या हौद्यावर चढवायच्या कॅम्परच्या (म्हणजे पलंग-स्वयंपाकघर असलेल्या फिरत्या खोलीच्या) लेखावरची तुमची सविस्तर प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : मी लोकांना उगाच घाबरवतो, गाडीच्या दारावरच्या स्टिकरवर छापलेला, गाडी किती भार वाहू शकते हा आकडा कंपनीचे वकील ठरवतात, फोर्डच्या एफ-२५० आणि एफ-३५० या पिकअप आतून सारख्याच, तुमचा मित्र त्यांच्याहून हलक्या एफ-१५० वर कॅम्पर घेऊन मजेत फिरतो, मागच्या पाट्यांना आधार देणाऱ्या एअरबॅग (हवेच्या उशा, अपघातात उघडणाऱ्या नव्हे) बसवल्या आणि प्रश्न मिटला, शिवाय गावाकडे पिकअपवाले दुप्पट कांदा भरतातच की.

एफ-२५० बद्दल तुम्ही बरोबर आहात. अमेरिकेत १०,००० पौंडांना ट्रकचा वर्ग बदलतो. त्यामुळे अनेक एफ-२५० गाड्यांचं भरलेलं एकूण वजन कागदावर बरोबर १०,००० ला आणून थांबवलेलं असतं, पाटे आणि अॅक्सल त्याहून जास्त पेलू शकत असले तरी. असा कोणी शे-दोनशे पौंडांनी पुढे गेला, पण अॅक्सलच्या आणि टायरच्या मर्यादेत असला, तर मी त्याच्याशी भांडायला जाणार नाही. पण मित्राची गाडी एफ-१५० आहे. तिची मर्यादा १०,००० च्या जवळपासही नसते, तेव्हा ही पळवाट तिच्या कामाची नाही.

आता तुमचाच हिशोब घेऊ. मित्राच्या गाडीच्या दारावरच्या स्टिकरवर १,७५० पौंड, माहितीपत्रकात कॅम्पर १,५०० पौंड, म्हणून '२५० शिल्लक'. माहितीपत्रकातलं ते वजन कोरड्या कॅम्परचं. ३० गॅलन पाणी भरलंत की २५० पौंड तिथेच संपले. (ते पाणी वापरलं तरी वजन घटत नाही, भांडी घासून ते खालच्या टाकीत जातं आणि टाकी रिकामी करेपर्यंत तुमच्याबरोबर हिंडतं.) भरलेला गॅस सिलिंडर ३८, बॅटरी ६०, एसी आणि बाहेरचं छत मिळून १३० धरा. अंथरूण-पांघरूण, भांडी, शिधा, कपडे यांचे ३०० होतातच. आपल्या लोकांचा प्रेशर कुकर आणि डाळ-तांदळाचे डबे पाहता मी कमीच धरतोय. राहिली दोन माणसं, ३२० पौंड. स्टिकरवरच्या आकड्यात माणसं आणि सामान एकत्र मोजायचं असतं, चालकासकट. बेरीज २,५९८. म्हणजे साधारण साडेआठशे पौंड, जवळजवळ ३८५ किलो जास्त.

एअरबॅगने बसलेली मागची बाजू वर येते, गाडी सरळ दिसते, डोलणंही थोडं कमी होतं. पण अॅक्सल, बेअरिंग, रिम आणि टायर यांच्यावरचा भार तेवढाच राहतो. एफ-१५० ला बऱ्याचदा कारच्या वर्गातले टायर येतात. उन्हाळ्यात तापलेल्या हायवेवर ताशी ६५ मैलांनी जाताना आधी जीव जातो तो त्यांचा.

कांद्याचं म्हणाल, तर तोही काही निर्दोष नाही. पण पिकअपमधला कांदा बहुतेक खाली, हौद्यात असतो. कॅम्परचा माथा रस्त्यापासून दहा फुटांच्या आसपास, वर केबिनच्या पुढे आलेला पलंग वारा झेलतो. त्यात भाराचा मध्य मागच्या अॅक्सलच्या मागे गेला, तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंगची पकड सुटायला लागते. कॅम्परवर तो मध्य कुठे आहे हे लिहिलेलं असतं, तो मागच्या अॅक्सलच्या पुढेच यायला हवा.

तरी माझ्यावर विश्वास ठेवू नका. मित्राला सांगा : इंधनाची टाकी भरून, पाणी भरून, दोघांनी गाडीत बसून ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर जा, पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या पट्ट्यांवर उभी करा. तिकिटावर मागच्या अॅक्सलचं वजन स्वतंत्र येतं. ते दारावरच्या मागच्या अॅक्सलच्या मर्यादेशी आणि मागच्या दोन टायरच्या कडेवर छापलेल्या भाराच्या बेरजेशी ताडून पाहा. तिन्ही आकडे इथे टाका, मग पुढचं बोलू.