कोयत्यावर गेलेल्यांनाही विचारा

स्थलांतरावरच्या तुमच्या लेखात म्हटलंय, बाहेरून येणारे लोंढे थांबवा आणि आलेल्यांनी मुकाट्यानं मिसळून घ्यावं. मी बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातला. आमच्याकडं दिवाळी झाली की माणसं ऊसतोडीला जातात, गावं ओस पडतात. मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले, नवरा-बायको मिळून एक कोयता म्हणजे ऊसतोडीची एक जोडी, ट्रॉलीत भांडी, जळण, शेळी आणि लेकरं. कोल्हापूर, सांगली, पार बेळगावपर्यंत.

तिसरीत असताना आई मला तिथल्या शाळेत घेऊन गेली. दाखला नाही म्हणून परत पाठवलं. चार महिने कोपीत, म्हणजे आमच्या झोपडीत, धाकट्या बहिणीला सांभाळलं. त्याच गावात सात हंगाम काढले, पण दुकानदारासाठी आम्ही 'बीडवाले'च. एक आजी मात्र रोज तांब्याभर ताक द्यायची. तिचं 'काय करालाईस' आमच्या घरात अजून बोललं जातं. मिसळणं असंच होतं, दोन्हीकडून.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत परप्रांतीय पोरं कमी रोजावर राबतात आणि आपल्या पोरांचा भाव पडतो, ही तक्रार खोटी नाही. पण रोजाचा भाव पाडतो तो ठेकेदार, त्याला किमान वेतन कुणी विचारत नाही. मराठी त्यांनी शिकावीच, माझंही तेच म्हणणं आहे. बारा तासांची पाळी करून शिकणार कधी? कंपन्यांनी गेटजवळच संध्याकाळचा वर्ग भरवावा. आणि लेकरांना आधी वर्गात बसवा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं दाखल्यापायी प्रवेश अडवता येत नाही, हे आईला तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं, कायदाच नव्हता. आता आहे.