माप विचारतो तोच खरा गिऱ्हाईक

आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. कोथरूडमधली जुनी, चोवीस फ्लॅटची, बिनलिफ्टची सोसायटी. घरं रिकामी करायला बिल्डरने दीड महिना दिला. नवी इमारत होईपर्यंत भाड्याच्या टू बीएचकेत राहायचं, तिथे तीस वर्षांचं सामान मावणार नाही, हा साक्षात्कार चोवीस घरांना एकाच आठवड्यात झाला आणि सगळ्यांनी एकदमच जाहिराती टाकल्या. ओएलएक्सवर कोथरूडमधला डबल बेड शोधला की वरचे चार-पाच बेड आमच्याच जिन्यातले. वरच्या मजल्यावरच्या काकांनी माझ्यापेक्षा पाचशे रुपये कमी लावले. तेव्हापासून जिन्यात भेटलो की 'काय, चाललंय ना पॅकिंग' यापुढे आमचं बोलणं जात नाही.

माझी पहिली जाहिरात आता वाचली की हसू येतं. 'अस्सल सागवानी डबल बेड, उत्तम स्थितीत, किंमत बोलून ठरवू.' फोटो एकच, तोही ट्यूबलाइटच्या उजेडात, वर फुलाफुलांची चादर आणि कोपऱ्यात इस्त्रीचे कपडे. चार दिवसांत एकतीस मेसेज आले. त्यातले सत्तावीस 'इज धिस अव्हेलेबल?' मी प्रत्येकाला मनापासून 'हो, आहे, कधी येताय?' असं उत्तर दिलं. पुढे शांतता. तो प्रश्न बरेचदा माणूस टाइप करत नाही, बोट लागलं की आपोआप जातो, हे भाचीने सांगेपर्यंत मी सत्तावीस जणांवर मनातल्या मनात रुसून बसले होते.

त्यात सुरुवातीचा पंधरवडा पितृपक्षाचा. घरात 'नवीन' वस्तू आणायची नाही म्हणतात, मग जुनी चालेल की! पण लोकांच्या लेखी त्यांच्या घरात येते ती नवीनच.

भाची जाहिरात बघून म्हणाली, "मामी, माप कुठंय?"

मी म्हटलं, डबल बेड आहे, डबल बेडएवढाच असणार.

तसं नसतं. आज तयार गाद्या मिळतात त्या बहुतेक बहात्तर बाय अठ्ठ्याहत्तर इंची, नाहीतर साठ बाय अठ्ठ्याहत्तर. आमचा बेड सुताराने घरी बसून केलेला. आतली लांबी भरली पंचाहत्तर. म्हणजे घेणाऱ्याकडे अठ्ठ्याहत्तरची गादी असली तर ती तीन इंच बाहेर डोकावणार. घेणाऱ्याला बेड सागवानी आहे की आणखी कसला, याच्या आधी हे कळायला हवं असतं. माप घ्यायचं तेही आतलं. बाहेरून घेतलेलं माप खोलीसाठी, आतलं गादीसाठी, आणि दोन्ही लिहायची.

त्या दिवसापासून मी टेप घेऊन घरभर फिरायला लागले. कपाटाची उंची, खोली, दार पूर्ण उघडलं की किती जागा खातं ते. सोफ्याची लांबी सात फूट. आणि ज्याचा विचार मी जन्मात केला नसता ते माप, म्हणजे जिन्याच्या वळणाचं. हा सोफा तीस वर्षांपूर्वी दोरखंड लावून गॅलरीतून वर घेतला होता, हे यजमानांना टेप हातात धरल्यावर आठवलं. जाहिरातीत मी ते लिहूनच टाकलं : तिसरा मजला, लिफ्ट नाही, सोफा जिन्यातून वळत नाही, गॅलरीतून उतरवावा लागेल. मेसेज निम्म्याहून कमी झाले. पण जो आला तो दोन हमाल आणि दोर घेऊनच आला.

माझं मत आता पक्कं झालंय. जुनं फर्निचर किमतीवर अडत नाही, ते दारात अडतं. घेणारा मनात हिशोब करत असतो की माझ्या अडीच फुटी बेडरूमच्या दारातून हे आत जाईल का, टेम्पोवाला किती घेईल, चढवायला माणसं कुठून आणू. त्याची उत्तरं आपण आधीच दिली की तो घासाघीससुद्धा कमी करतो. कोथरूडहून वाकडला छोटा हत्ती दोन हमालांसकट अठराशेला गेला, हा आकडा मी पुढच्या प्रत्येक जाहिरातीत घालत गेले. सहा हजारांचं टेबल घेणाऱ्याला ते खरं पावणेआठ हजारांना पडतं, हे विकणाऱ्याने लक्षात ठेवावं आणि मग आपली किंमत लावावी. 'आम्ही पंचवीस हजारांना केलं होतं' हे वाक्य तर बोलूच नये. मी तीनदा बोलले. तिन्ही वेळा समोरच्याने चहाचा कप खाली ठेवला.

दोष लपवू नका, हेही टेपइतकंच महत्त्वाचं. डायनिंग टेबलावर कुकर ठेवल्याचा पांढरा गोल डाग होता. त्याचा जवळून काढलेला फोटो मी दुसऱ्याच नंबरला टाकला. घेणारी मुलगी म्हणाली, "काकू, एवढाच डाग असेल तर बाकी टेबल चांगलंच असणार." वाळवीचं मात्र वेगळं. आमच्या माळ्यावरच्या जुन्या पेटीच्या मागच्या फळीत भुसा दिसला, ती मी विकलीच नाही. पैशापायी दुसऱ्याच्या घरात वाळवी पाठवणं बरं दिसत नाही.

एका कपाटाने फसवलं. लेकाच्या खोलीतलं तयार मिळालेलं, पार्टिकल बोर्डाचं. सागवान किंवा चांगलं प्लाय खोलून पुन्हा जोडता येतं, पण या बोर्डाचे स्क्रू एकदा काढले की भोकातून भुसा येतो आणि परत घट्ट बसत नाहीत. घेणाऱ्याने नेलं, जोडलं, आणि रात्री फोटो पाठवला : दार तिरकं लोंबतंय. मी अर्धे पैसे परत केले. यजमान म्हणाले गरज नव्हती. असेल. याच्या उलट गोदरेजचं लोखंडी कपाट. जाहिरात सकाळी टाकली, संध्याकाळी गेलं. लॉकरची एक किल्ली हरवलीय हेही लिहिलं होतं, तरी तिघं रांगेत. भंगारवाला त्याला किलोवर तोलायला निघाला होता!

आणि आता तो फौजी. फोनवर आवाज एकदम भारदस्त. "मैडम, मैं आर्मी में हूँ, पोस्टिंग पूना में हुई है, बेड फाइनल समझिए." बेड बघायला येणार नाही, जवान ट्रक घेऊन येईल, पैसे आत्ताच पाठवतो. घासाघीस शून्य. मग क्यूआर कोड आला : हा स्कॅन करा, पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात जमा होतील. हा प्रकार इतका जुना आहे की तुमच्यातल्या बहुतेकांनी ऐकला असेल, तरीही रोज कोणीतरी फसतंच. यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. एवढं एक वाक्य घरातल्या ज्येष्ठांना पाठ करायला लावा. कोणी फसलंच तर लाजत बसू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात.

मला पिनचा मुद्दा सुचायच्याही आधी खटकलं होतं ते वेगळंच. पंधरा हजारांचा बेड घेणाऱ्या माणसाने माप विचारलं नव्हतं. मीच विचारलं, "गद्दा कौनसे साइज का है आपका?" फोन कट.

सगळ्यात शेवटी गेला तो सासूबाईंचा शिसवी पलंग. वाईच्या घरातून आलेला. बघायला आलेल्या बाईंनी सगळं मोजलं, पायांचं कोरीव काम हाताने चाचपलं, मग आवाज उतरवून म्हणाल्या, "ताई, एक विचारू? राग नका मानू. यावर कोणी गेलेलं वगैरे नाही ना?"

मी उत्तराची जुळवाजुळव करतेय तोवर आतून सासूबाई ओरडल्या, "माझी दोन्ही बाळंतपणं त्याच्यावर झालीत, तेही सांग त्यांना!"

बाईंनी पलंग नेला. आकडा सांगत नाही, काका ही पोस्ट वाचतात.

आता उरलीय फक्त आरामखुर्ची. नवीन कापड घातलंय, दांडे पॉलिश केलेत, जाहिरातीचा मजकूर तयार आहे. फक्त मापं राहिलीत. ती घ्यायला टेप घेऊन गेलं की सासूबाई खुर्चीतच बसलेल्या असतात, आणि "जरा उठता का?" म्हटलं की घोरायला लागतात.