वेबर यांनी १९६९मध्येच गुरुत्वीय लहरी पकडल्या होत्या का?

‘गुरुत्वीय लहरी २०१५ साली लायगोने शोधल्या हे खोटं. जोसेफ वेबर यांनी त्या १९६९मध्येच पकडल्या, पण बड्या प्रयोगशाळांनी त्यांना दाबलं’ असा मजकूर फिरतोय. (गुरुत्वीय लहरी म्हणजे अवकाश-काळात उठणारे तरंग; लायगो ही लेसरने त्या मोजणारी अमेरिकेतली वेधशाळा; वेबर हे अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ.) वेबर यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, म्हणूनच हे खोडून काढावंसं वाटतं.

‘लहरी पकडल्या.’ मेरीलँडमध्ये वेबर यांनी टनाहून जड अ‍ॅल्युमिनियमचे दंडगोल तारेवर टांगले आणि मधोमध क्वार्ट्झचे स्फटिक चिकटवले. सुमारे १६६० हर्ट्झची (सेकंदाला १६६० कंपनांची) लहर आली की दंडगोल अनुनादाने, म्हणजे स्वतःच्या कंपनाशी ती जुळल्याने, थरथरणार आणि स्फटिकांतून विजेचा बारीकसा संकेत मिळणार. कल्पना अस्सल होती. तसाच एक दंडगोल शिकागोजवळ अरगॉनमध्ये होता. दोन्हीकडे एकाच वेळी संकेत येतात, असा त्यांचा दावा. पण ते इतके जोरदार होते, की आकाशगंगेच्या केंद्रातून येत असते तर दरवर्षी शेकडो सूर्यांचं वस्तुमान लहरींत उधळलं जायला हवं होतं. त्या हिशोबाने आकाशगंगा एव्हाना शिल्लक उरली नसती.

‘इतरांनी नीट तपासलंच नाही.’ आयबीएम, बेल लॅब्ज, ग्लासगो, म्यूनिक, मॉस्को इथे सगळीकडे दंडगोल टांगले गेले. कुणालाच काही सापडलं नाही. रॉचेस्टर विद्यापीठातल्या दंडगोलाचं प्रकरण तर फार बोलकं आहे. तिथल्या नोंदींशी आपले संकेत जुळतात, असं वेबर यांनी जाहीर केलं. नंतर कळलं, की एका नोंदीतली वेळ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची होती, दुसरीतली ग्रिनिचची. जुळलेले संकेत मुळात चार तासांच्या अंतराने आलेले होते!

‘पैसा मिळाला असता तर दंडगोलांनीच शोध लावला असता.’ पैसा मिळाला, कामही झालं. इटलीत फ्रास्काटीचा नॉटिलस नावाचा दंडगोल ०.१ केल्विनपर्यंत, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ, थंड केला गेला. इटलीतच लेन्यारोत ऑरिगा, अमेरिकेत लुइझियानात अ‍ॅलेग्रो हे दंडगोल उभे राहिले. अडचण मुळातच होती. हे दंडगोल साधारण ९०० हर्ट्झच्या आसपासच ऐकत. लायगोने पकडलेली १४ सप्टेंबर २०१५ची लहर ३५ हर्ट्झपासून २५०पर्यंत चढली आणि विरली. शिवाय ती इतकी क्षीण होती, की दीड मीटरच्या दंडगोलाची लांबी तिने प्रोटॉनच्या सुमारे दहा लाखाव्या भागाइतकीच बदलली असती. लायगोच्या भुजा, म्हणजे लेसर धावतो त्या नळ्या, चार किलोमीटरच्या आहेत त्या यासाठीच.

‘श्रेय चोरलं.’ वेबर यांच्याआधी या लहरी यंत्राने मोजायला कुणी बसलंच नव्हतं. हा मान त्यांचाच. लेसरने लहरी मोजणारं पहिलं छोटं यंत्र १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला उभारणारे रॉबर्ट फॉरवर्ड हे त्यांचेच विद्यार्थी होते.